अण्वस्त्रांचा खर्च कोणत्या रकान्यात?

सोनिवली, प्रतिनिधी : बदलापूरच्या सोनिवलीपासून जवळच असलेल्या अंबरनाथमध्ये संरक्षण खर्च डोळ्यांना दिसतो. तेथील आयुध निर्माणीत दारूगोळ्यासाठी लागणारे धातूचे भाग तयार होतात. नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पारंपरिक पाणबुडी अधिक काळ पाण्याखाली राहावी यासाठी इंधनघटावर आधारित प्रणाली विकसित केली आहे. देशाच्या अण्वस्त्रांवर किती खर्च होतो, हे मात्र अर्थसंकल्पाच्या कोणत्याही एका रकान्यात सापडत नाही.

सन २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. त्यापैकी सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनासाठी, तर १ लाख ८० हजार कोटी शस्त्रखरेदीसारख्या भांडवली खर्चासाठी होते. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या (डीआरडीओ) वाट्याला २६ हजार ८१७ कोटी आले. अण्वस्त्रे वाहून नेणारी ‘अग्नि’ क्षेपणास्त्रे हीच संघटना विकसित करते. तथापि तिच्या खर्चात रडारपासून चिलखतापर्यंत सर्व काही असते.

अण्वस्त्रांचा गाभा तर संरक्षण खात्याच्या हिशेबाबाहेरच आहे. ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत येते आणि हा विभाग थेट पंतप्रधानांकडे असतो. २०२५-२६ मध्ये विभागाची तरतूद सुमारे २४ हजार कोटींची होती. अणुवीज आणि मूलभूत संशोधन यांबरोबरच परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाचा खर्चही त्यातूनच भागतो. १९८५ मध्ये सुरू झालेली ‘ध्रुव’ अणुभट्टी प्लुटोनियमही देते आणि रुग्णोपचारासाठी समस्थानिकेही. मग तिचा किती खर्च शस्त्राचा व किती औषधाचा मानायचा?

खर्च वाढण्याचे कारण धोरणातही आहे. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर भारताने अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याची भूमिका घेतली आणि जानेवारी २००३ मध्ये ती अधिकृतपणे जाहीर केली. या धोरणामुळे मोठ्या साठ्याची गरज कमी होते. परंतु शत्रूचा पहिला आघात सोसून प्रत्युत्तर देता येईल, अशी सिद्धता ठेवावी लागते. त्यासाठी समुद्रात दडून राहणारी अणुपाणबुडी हवी. ‘आयएनएस अरिहंत’ २०१६ मध्ये, तर ‘आयएनएस अरिघात’ ऑगस्ट २०२४ मध्ये नौदलात दाखल झाली. पाणबुडी बांधून खर्च संपत नाही. तळ, प्रशिक्षित कर्मचारी, दुरुस्ती आणि खोल पाण्यात संदेश पोहोचविणारी यंत्रणा यांचा भार दरवर्षी येतो.

अण्वस्त्रे आली म्हणून इतर खर्च घटला, असेही घडले नाही. चाचण्यांना वर्ष होते न होते तोच कारगिलचे युद्ध उभे राहिले आणि ते तोफा व पायदळाच्या बळावर लढले गेले. तोफगोळे, पारंपरिक पाणबुड्या, जवानांचे निवृत्तिवेतन आणि अण्वस्त्रे या साऱ्यांचा भार अखेर एकाच तिजोरीवर पडतो. म्हणूनच एकाचा आकडा झाकलेला राहिला, की इतरांच्या वाट्याचा विचारही अपुरा राहतो.

अन्य देशांत चित्र वेगळे आहे. फ्रान्सने २०२४ ते २०३० या काळासाठी ठरविलेल्या ४१३ अब्ज युरोंच्या लष्करी खर्चापैकी सुमारे १३ टक्के अण्वस्त्रांसाठी आहेत. ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ वर्गातील चार पाणबुड्यांसाठी ३१ अब्ज पौंड आणि आकस्मिक निधी म्हणून आणखी १० अब्ज पौंड जाहीर केले. अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २०२५ ते २०३४ या दहा वर्षांचा अण्वस्त्र खर्च ९४६ अब्ज डॉलर होईल, असा अंदाज मांडला.

या देशांनीही शस्त्रांची रचना वा पाणबुडीचा ठावठिकाणा उघड केलेला नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातही राष्ट्रीय सुरक्षेच्या माहितीला सूट आहे आणि ती असणे योग्यच. परंतु गुपित आणि एकूण आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संसदेपुढे निदान एकत्रित आकडा आला, तर सुरक्षेसाठी आपण काय मोजतो आणि त्यासाठी काय बाजूला ठेवतो, हे करदात्याला कळू शकेल.