चरकाचे दहा श्रमहर आणि आपला थकवा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, औषधी द्रव्यांचे पन्नास गट दिले आहेत. प्रत्येक गटात दहा द्रव्यं. त्यांतला एक गट शीण घालवणाऱ्या, म्हणजे श्रमहर द्रव्यांचा आहे: द्राक्ष, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, जव आणि साठी तांदूळ. यात एकही कडू मुळी नाही, भस्म नाही, डबाबंद चूर्ण नाही. सगळी यादी खाण्याच्या वस्तूंची आहे आणि जवळजवळ सगळी आपल्या बाजारात मिळते. नाशिकची द्राक्षं, सोलापूरचं डाळिंब, पुरंदरचं अंजीर, कोल्हापूरचा ऊस.

या यादीमागचं विज्ञान सोपं आहे. अंगमेहनत केल्यावर स्नायूंमधला आणि यकृतातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, कमी होतो आणि घामावाटे पाणी व क्षार जातात. द्राक्ष, खजूर, ऊस यांतून लगेच वापरता येणारी साखर मिळते. जव आणि तांदूळ पिष्ट पुरवतात, चारोळीतून थोडं तेल आणि प्रथिनं येतात. उन्हातून दमून आलेल्या माणसाला उसाचा रस प्यायल्यावर तरतरी का येते, याचं उत्तर इथे आहे. मधुमेह असलेल्यांनी मात्र खजूर आणि उसाच्या रसाकडे औषध म्हणून पाहू नये.

पण ही यादी श्रमांवरची आहे. काम केलं, दमलो, खाल्लं, झोपलो, सकाळी ताजेतवाने झालो, असा जो थकवा असतो त्यावरची. आठ तास झोपूनही सकाळी उठवत नाही, जिन्याच्या दुसऱ्या वळणावर धाप लागते, दुपारी कामात लक्ष लागत नाही, आणि हे महिनोन्‌महिने चालतं, तो थकवा वेगळा. चरकानेही तो वेगळा धरला आहे. चिकित्सास्थानाचा सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे. अंग फिकट पडणं, बळ जाणं, धाप लागणं ही त्याची लक्षणं. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो या रोगाच्या पूर्वरूपांचा भाग. रोग दिसू लागण्याआधी छातीत धडधडतं, अंग कोरडं पडतं आणि श्रम जाणवतात, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे थकवा आधी, फिकटपणा नंतर.

आजचं रक्तविज्ञान हेच सांगतं. शरीरातलं लोह कमी होऊ लागतं तेव्हा आधी साठा आटतो. तो फेरिटिन या तपासणीत कळतो. हिमोग्लोबिन खाली येतं ते त्यानंतर. त्यामुळे हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही एखादी बाई लोहाअभावी थकलेली असू शकते. स्वित्झर्लंडमध्ये अशाच स्त्रियांवर झालेली एक चाचणी २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. रक्तक्षय नव्हता, थकव्याचं कारण सापडत नव्हतं. चार आठवडे लोहाच्या गोळ्या घेतलेल्या गटाचा थकवा २९ टक्क्यांनी उतरला, तर नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांचा १३ टक्क्यांनी.

चरकाने पांडूचे पाच प्रकार सांगितले, त्यांतला पाचवा माती खाण्यामुळे होणारा. आपल्याकडे आजही गरोदर बायका भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ चोरून खातात आणि घरचे त्याला डोहाळे म्हणून हसतात. ही ओढ बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेची खूण असते. अशा बाईला रागावू नये, तिचं रक्त तपासावं.

आणि या पांडूवर चरकाचा उपाय काय? नुसतं द्राक्ष-डाळिंब नव्हे. त्या अध्यायात नवायस चूर्ण आहे: नऊ वनस्पती आणि त्यांच्या एकूण वजनाइतकं लोह. मंडुराचे, म्हणजे लोखंडाच्या किटाचे, कल्पही आहेत. डाळिंब, बीट, खजूर लाल म्हणून रक्त वाढवतात हा समज नंतर कधीतरी घराघरात रुजला. डाळिंबात लोह नावापुरतंच असतं. गूळही याच पंगतीतला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. गुळाच्या सुपारीएवढ्या खड्यातून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं.

मग आहारात करायचं काय? ताटात लोह किती यापेक्षा आतड्यातून रक्तात किती जातं, हे पाहायचं. भाज्या, डाळी, धान्यं यांतलं लोह सहजी शोषलं जात नाही. क जीवनसत्त्व त्याला विरघळलेलं ठेवतं, तर चहातली टॅनिन त्याला धरून ठेवतात. आपल्या घरातली सकाळची बशी पाहा. कांदेपोह्यांवर लिंबू पिळलं जातं, ते अगदी योग्य. पण बशीला लागूनच चहाचा कप असतो आणि लिंबाने जे साधलं ते चहा बऱ्याच अंशी घालवतो. चहा सोडायला कोणी सांगत नाही. जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर तो नको. मटकीला मोड आणून उसळ करण्याची आपली रीतही शास्त्रशुद्ध आहे. भिजवल्याने आणि मोड आल्याने लोह अडवणारं फायटिक आम्ल कमी होतं. उसळीवर लिंबू, सोबत आवळ्याची ताजी चटणी किंवा पेरू, एवढं रोज जमू शकतं. मासे-मटण खाणाऱ्यांना त्यातलं लोह अधिक सहज मिळतं.

माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई खाली काढा. त्यात मेथी परतली की भाजी काळपट होते, टोमॅटो घातला तर अधिकच. तो काळेपणा लोखंडाचाच. इथिओपियात लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातलं खाणाऱ्यांपेक्षा अधिक वाढलं, असं १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलं आहे. भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर चव बिघडते.

हे सगळं मी विस्ताराने सांगतोय, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीपेक्षा हा आकडा वाढलेला आहे. सगळ्यांचं जेवण उरकल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई थकलेली असते तेव्हा तिला ‘दगदग होतेय, जरा आराम कर’ एवढंच ऐकायला मिळतं. आरामाने लोह भरून निघत नाही.

एका गोष्टीत जुने ग्रंथ अपुरे पडतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कल्पना त्या काळी असणं शक्य नव्हतं. ते सूक्ष्मजीव तयार करतात आणि आपल्याला दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं तेव्हा दर तिघांतल्या दोघांमध्ये ते कमी निघालं. शाकाहाऱ्यांना धोका अधिक होता. हातापायाला मुंग्या, विसराळूपणा आणि थकवा एकत्र असेल तर याच कमतरतेचा संशय घ्यावा.

सुश्रुताने आणखी एक थकवा नोंदवला आहे, क्लम. कष्ट केलेले नाहीत, धापही नाही, तरी शरीर गळून जातं आणि इंद्रियं आपल्या कामात रमत नाहीत. थायरॉइड मंदावणं, नैराश्य, झोपेत श्वास अडणं यांचे रुग्ण डॉक्टरांसमोर असंच काहीसं सांगतात. इथे औषधोपचारांच्या जोडीला दिनचर्येचा उपयोग मोठा. आहार आणि झोप हे शरीराचे आधारस्तंभ, असं चरक मानतो. शरीरातल्या जैविक घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ साली नोबेल मिळालं. ठरल्या वेळी झोपणं, सकाळचा उजेड डोळ्यांवर घेणं, रात्रीचं जेवण लवकर उरकणं हे आजीचे नियम त्या घड्याळाला धरूनच आहेत. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका आणि पोलिसांसाठी आयुर्वेदाचार्य वाग्भटाची एक सूचना उपयोगी आहे: जितका वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी, न खाता, झोपा. व्यायामही त्याने अर्ध्या शक्तीनेच सांगितला. कपाळ, काख यांना घाम आला, तोंड कोरडं पडलं की थांबायचं. व्यायामानंतर दोन-दोन दिवस अंथरुणाला खिळणाऱ्यांनी मात्र जोर लावू नये, डॉक्टरांना तसं सांगावं.

अभ्यंगाने शीण जातो असं वाग्भट म्हणतो. तेल लावून अंग मोकळं होतं हा अनुभव खरा आहे, पण रक्तातली कमतरता त्याने भरत नाही. थकव्यावर घेतल्या जाणाऱ्या अश्वगंधेबद्दल मात्र सावध राहावं. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडवर तिचा परिणाम होऊ शकतो, गरोदरपणात ती नकोच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बॉस्टनमधल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिशामुळेही रक्तक्षय होतो. म्हणजे थकव्यावर घेतलेलं चूर्णच थकवा वाढवू शकतं. लेबल नसलेली पुडी कोणी कितीही प्रेमाने दिली तरी घेऊ नका.

पुरेशी झोप आणि जेवण असूनही थकवा दोन-तीन आठवडे हटत नसेल तर रक्ताची संपूर्ण तपासणी, फेरिटिन, ब-१२, थायरॉइडसाठी टीएसएच आणि साखर करून घ्या. वजन उतरत असेल, रात्री घाम येत असेल, खोकला जात नसेल, पाळीत फार रक्त जात असेल तर आठवडाही थांबू नका. वैद्यांकडे जा किंवा डॉक्टरांकडे, रिपोर्ट आणि घेत असलेल्या सगळ्या चूर्ण-गोळ्यांची यादी दोघांनाही दाखवा. हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. घरातल्या बाईला या आठवड्यात तिथे घेऊन जा.