एकाच वर्गात, तरीही एकमेकांना अदृश्य

2024 पर्यंत माइनटेस्ट या नावाने ओळखला जाणारा लुआंटी हा मुक्त खेळमंच वर्गात वापरताना शिक्षकाचा संगणक सर्व्हर, म्हणजे यजमान, होतो आणि विद्यार्थ्यांचे संगणक त्याच्या आयपी पत्त्यावर, 30000 या पोर्टवर म्हणजे क्रमांकित दारावर, जोडले जातात. जोडणी फसली की दोष इंटरनेटच्या वेगाला दिला जातो; वस्तुतः एकाच नेटवर्कवरील अशा खेळाला इंटरनेट लागतच नाही. खरी मेख बहुधा वाय-फायमधील ‘क्लायंट आयसोलेशन’मध्ये असते: ही व्यवस्था सुरक्षिततेसाठी उपकरणांचा परस्परसंवाद रोखते, त्यामुळे संकेतस्थळे सुरळीत उघडत असूनही यजमान कोणालाच सापडत नाही. पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर ती सहसा चालूच असते.

यजमान संगणकावरच 127.0.0.1 या स्वतःकडे परतणाऱ्या पत्त्याने खेळ सुरू झाला, तर सर्व्हर चालू असून अडथळा पुढे कोठेतरी आहे, असे समजावे. त्यानंतर फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या रोखणारी संरक्षक व्यवस्था, तपासताना हा खेळ यूडीपी, म्हणजे पोचपावतीविना संदेश धाडणारी पद्धत, वापरतो हे ध्यानात घ्यावे. केवळ टीसीपी या दुसऱ्या पद्धतीला परवानगी देऊन (हे फार वेळा घडते) काहीच साधत नाही. राउटरने यजमानाला नवा पत्ता दिल्यास कालचा पत्ता आज निरुपयोगी ठरतो, म्हणून तो राउटरमध्ये राखून ठेवणे सोयीचे.