विकलेल्या घरात तहहयात

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, लिटल ग्रीनब्रायर नावाच्या डोंगरी खोऱ्यात, लाकडी ओंडक्यांचं एक जुनं घर आजही उभं आहे. वॉकर घराण्यातल्या पाच अविवाहित बहिणींचं हे घर. भिंतींना आतून वर्तमानपत्रांची आणि मासिकांची पानं चिकटवलेली. लोकर घरच्याच मेंढ्यांची; ती पिंजायची, कातायची, विणायची, सगळं घरातच. जानेवारी १९४१मध्ये या बहिणींनी घरासकट १२२ एकर जमीन ४,७५० डॉलरला सरकारला विकली आणि त्याच घरात राहत राहिल्या. विक्री करताना त्यांनी तहहयात राहण्याचा हक्क राखून ठेवला होता. पाचांतली शेवटची बहीण, लुईझा, १९६४ साली वारली. तोवर त्या घराची चूल पेटती होती.

अमेरिकेच्या कायद्यात याला वापराचा आणि भोगवट्याचा राखीव हक्क म्हणतात. मालकी सरकारची, राहणं मात्र जुन्या मालकाचं. कधी आयुष्यभर, कधी ठरावीक वर्षं. हिशेबही सरळ असतो. जमिनीच्या बाजारभावातून या हक्काची किंमत वजा होते आणि उरलेली रक्कम मालकाच्या हाती पडते. म्हणजे हा हक्क कुणाची मेहेरबानी नाही. कमी पैसे घेऊन विकत घेतलेली ती मुदत आहे.

ही वेळ आली ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानामुळे. पश्चिमेकडची बरीच उद्यानं मुळातच सरकारी जमिनीवर झाली. इथे मात्र वखारवाल्या कंपन्यांची जंगलं होती आणि हजाराहून अधिक शेतकऱ्यांची घरंदारं. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांनी जमिनी मिळवून केंद्र सरकारच्या हवाली केल्या. १९३४मध्ये उद्यान स्थापन झालं. बहुतेक लोक पैसे घेऊन बाहेर पडले. काहींनी कमी पैसे पत्करले, पण उंबरठा सोडला नाही.

वॉकर बहिणींचं घर राहिलं, पण घराभोवतीचं जगणं आक्रसलं. शिकार बंद, मासेमारी बंद, लाकूडतोड बंद, गुरं चारणंही बंद. डोंगरातला संसार चालायचा तो याच गोष्टींवर. मग त्या येणाऱ्या पर्यटकांना हातचे तळलेले ‘पाय’ (करंजीसारखा गोड पदार्थ) विकू लागल्या; लुईझा स्वतः रचलेल्या कविता विकायची. रस्त्यावर त्यांच्या घराची पाटी लागली. पुढे १९५३मध्ये, दोघीच उरल्यावर, त्यांनी उद्यानाच्या अधीक्षकांना पत्र लिहिलं : आता वय झालं, पाहुण्यांचं करणं होत नाही, ती पाटी काढा. राखून ठेवलेला हक्क छप्पर देतो, गेलेलं शिवार परत देत नाही, हे त्या पत्रातून कळतं.

मुदतीच्या हक्काचं दुखणं वेगळं. कॅलिफोर्नियातल्या पॉइंट रेयेस राष्ट्रीय सागरकिनाऱ्यावर कालवांची शेती करणाऱ्या एका कंपनीने १९७२ साली आपली पाच एकर जागा सरकारला विकली आणि ४० वर्षांचा वापर राखून ठेवला. २००४च्या सुमारास हा व्यवसाय दुसऱ्या कुटुंबाने विकत घेतला. मुदत वाढेल, अशी त्यांना आशा होती. नोव्हेंबर २०१२मध्ये मुदत सरली आणि सरकारने ती वाढवायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं; न्यायालयाने ते ऐकायलाच घेतलं नाही. २०१४च्या अखेरीस धंदा बंद झाला. बाजू कुणाची खरी, यावर तिथे अजून वाद होतात. पण ४० वर्षं हा आकडा कागदावर पहिल्या दिवसापासून होता.

सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट आहे फोंटाना धरणाची. दुसऱ्या महायुद्धात विजेसाठी नॉर्थ कॅरोलायनात हे धरण घाईने बांधलं गेलं. गावं उठली, रस्ता पाण्याखाली गेला. पाण्यापलीकडची सुमारे ४४,००० एकर जमीन उद्यानात गेली आणि पूर्वजांच्या दफनभूमी तिथेच राहिल्या. १९४३च्या करारात सरकारने नवा रस्ता बांधून देण्याचं कबूल केलं. काही मैल रस्ता झाला, एक बोगदा झाला आणि काम थांबलं. लोक त्याला ‘कुठेच न जाणारा रस्ता’ म्हणतात. अखेर २०१०मध्ये रस्त्याऐवजी ५ कोटी २० लाख डॉलर देण्याचं ठरलं. पैसे तिथल्या स्वेन काउंटीला मिळाले. कुटुंबं अजूनही उन्हाळ्यात उद्यानाच्या बोटीने तलाव ओलांडतात, थडगी साफ करतात, फुलं वाहतात.

हे वाचताना मराठी माणसाला कोयना, उजनी आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे १८९४च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १६नुसार ताबा घेताच जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन सरकारजमा होत असे. तहहयात राहण्याची सोय नाही, मुदत नाही. धरणाचं पाणी उतरलं की उघडी पडणारी गाळपेर जमीन प्रकल्पग्रस्तांना प्राधान्याने कसायला देण्याचं धोरण आहे. पण तो ठरावीक मुदतीचा भाडेपट्टा असतो, मूळ मालकीतून राखलेला हक्क नव्हे. २०१३च्या नव्या भूसंपादन कायद्याने कलम १०१मध्ये एक दार किलकिलं केलं. ताबा घेतल्यापासून पाच वर्षं जमीन वापराविना पडून राहिली, तर ती मूळ मालकाला, त्याच्या वारसांना किंवा सरकारच्या भूमी बँकेत परत जाते. पण त्या ‘किंवा’मध्ये शेतकऱ्याची सगळी आशा टांगलेली आहे.

वापराचा हक्क राखून ठेवण्याची ही रीत आपल्याकडेही कायद्यात यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक प्रकल्पाला पहिल्याच दिवशी प्रत्येक घर लागत नाही. जिथे वापर थांबू शकतो, तिथे म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या उंबरठ्याआत शेवटचे दिवस काढता आले, तर राज्याचं काही अडत नाही. देवस्थान, विहीर, स्मशानभूमी यांची वाट तर राखायलाच हवी.

मालकीखेरीजच्या हक्कांसाठी आपल्या सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ नावाचा एक रकाना असतो. घरात उतारा असेल, तर या दिवाळीत तो काढून वाचा. आणि कधी जमीन देण्याची वेळ आलीच, तर मोबदल्याच्या आकड्याइतकंच लक्ष आणखी तीन गोष्टींकडे द्या : काय वापरता येईल, किती वर्षं, आणि आपल्यामागे कुणाला. तिन्ही उत्तरं लेखी घ्या. तोंडी आश्वासन धरणाच्या पाण्यात पहिलं बुडतं.