वाटाणा, पण खायचा नव्हे!

मराठीचा प्राध्यापक बागकामात पडला, की त्याची पहिली अडचण नावाची. ‘स्वीट पी’ला आपल्याकडे रुळलेले मराठी नाव नाही; माळीदादाही स्वीट पीच म्हणतो. मी भाषाभिमानाने त्याचे ‘गोड वाटाणा’ असे बारसे केले आणि घरात तोच शब्द चालू केला. या भाषांतराने आमच्यावर काय प्रसंग आणला, तो पुढे येईलच.

हा वेल मूळचा सिसिलीकडचा. १६९९ साली फ्रान्सिस्को कुपानी नावाच्या धर्मगुरूने त्याचे बी इंग्लंडात रॉबर्ट यूव्हडेल या शाळामास्तराकडे धाडले. म्हणजे मास्तरकी आणि हे फूल यांचे नाते जुनेच! ते मूळचे फूल लहान, दुरंगी. पण वास घमघमीत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेन्री एक्फर्डने संकर करून फुले मोठी केली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लाटदार पाकळ्यांचा ‘स्पेन्सर’ प्रकार आला. रूप वाढले, पण पुष्कळ वाणांत वास पातळ झाला. (साहित्यातही असे होते, पण तो विषय वेगळा.) म्हणून बी घेताना पाकिटावरचे चित्र पाहू नये, सुवासिक वाण कोणता ते विचारावे.

पहिल्या वर्षी मी बी मृगावर पेरले. पेरणी म्हणजे पाऊस, हे आपल्या रक्तातच आहे ना! आठ दिवसांत सारे कुजले. हे थंडीचे फूल. पुण्यासारख्या ठिकाणी पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरावे. जानेवारी-फेब्रुवारीत फुलते आणि मार्चच्या उन्हाने आटोपते.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२२ च्या ऑक्टोबरात, मी नीट तयारी केली. कुंपणाशी हातभर खोल चर खणून कुजलेले शेणखत घातले. बियांची साल टणक असते, म्हणून काचकागदावर हलकेच घासल्या आणि रात्री वाटीत भिजत घालून वाटी ओट्यावर ठेवली. काळसर, वाटोळ्या, चाळीसएक बिया.

आई मूळची मालवणची. त्याच रात्री तिनेही काळे वाटाणे भिजत घातले होते. दुसऱ्या दिवशी माझी बहीण आणि मेहुणे जेवायला यायचे होते. सकाळी मी येऊन पाहतो तो वाटी पालथी, आणि चुलीवर काळ्या वाटाण्याचे सांबार रटरटते आहे!

“आई, माझा वाटाणा कुठं आहे?”

“वाटीतला? घातला की त्यातच. तूच म्हणालास ना, गोड वाटाणा म्हणून?”

माझ्या पोटात गोळा आला. या बिया विषारी असतात. त्या सतत खाण्यात आल्या तर हाडे आणि सांध्यांना धरून ठेवणाऱ्या ऊती दुबळ्या होतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेले आहे. विदर्भातली लाखोळी याच वेलाची चुलत बहीण, आणि तिच्या अतिसेवनाने पाय लुळे पडतात हेही आपल्याकडे ठाऊक आहे. सगळे सांबार फेकून दिले. पाहुण्यांनी आंबोळ्या चटणीशी खाल्ल्या.

मी चिडून बोललो, “अगं, आकार तरी पाहायचा! तुझे वाटाणे एवढाले, माझे बारीक.”

आई बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, “मला दिसत नाही रे नीट. वर्ष होऊन गेलं.”

वर्षभर ती हाताच्या अंदाजाने स्वयंपाक करीत होती, आणि आम्हां कोणाच्या ध्यानात आले नव्हते. रोपाच्या पानावरची भुरी मला दहा हातांवरून दिसे. आईच्या डोळ्यांतला मोतीबिंदू दिसला नाही. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. डिसेंबरात एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली.

वाटीच्या तळाशी सहा बिया चिकटून राहिल्या होत्या. त्या एकेक इंच खोल, वीतभर अंतराने लावल्या. रोपे चार-पाच इंचांची होताच शेंडे खुडले, म्हणजे फांद्या फुटतात. सुतळीची जाळी बांधली. तिला धरून वेल आपापला चढला. पाणी मुळाशीच घातले. पाच जगल्या.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली फुले आली. मी आईला अंगणात नेले. तिने आधी वास घेतला, मग फूल डोळ्यांजवळ धरले.

“हा जांभळा होय? आणि हा किरमिजी!” थोडे थांबून ती म्हणाली, “माझं ते आवडतं लुगडंही याच रंगाचं असेल का रे? मी ते काळं समजून बाजूला ठेवलंय.”

या वेलाचे एक पथ्य आहे: फुले रोज खुडावी. शेंगा धरू दिल्या की वेलाला वाटते, आपले काम झाले, आणि बहर थांबतो. ते खुडण्याचे काम आईने घेतले आणि होळीपर्यंत एक दिवस चुकविला नाही.

हा अंक हाती पडेल तेव्हा पेरणीचे दिवसच असतील. जरूर पेरा. मात्र भिजवलेली वाटी स्वयंपाकघरात ठेवू नका. आमची आता माझ्या लिहिण्याच्या टेबलावर असते, आणि तिच्यावर आईच्या हातची चिठ्ठी: “हा वाटाणा खायचा नाही.” अक्षर बारीक आहे, आता तिला ते वाचता येते.