गाडी घरीच रंगवताय?

दसऱ्याच्या आधी आठवडाभर गाड्या धुण्या-पुसण्याची आणि रंगवण्याची घाई सुरू होते. बंपरवरच्या एका ओरखड्याचे गॅरेजवाला बरेच पैसे सांगतो. मग स्प्रेचा डबा आणून घरीच हात मारावा, असे पुष्कळांना वाटते. त्यात वावगे काही नाही. मला काळजी वाटते ती जागेची.

धूळ बसू नये म्हणून लोक मडगार्ड किंवा बंपर काढून खोलीत आणतात, दारे-खिडक्या लावतात, पंखाही बंद ठेवतात. रंग सुरेख बसतो, पण रंगवणारा डोके धरून बसतो. असाच एक तरुण गेल्या वर्षी माझ्याकडे आला. मळमळ, चक्कर, चालताना तोल जात होता. घरच्यांनी पित्त समजून लिंबू-सरबत पाजले होते!

डब्यातला रंग टोल्युईन, झायलीन, ॲसिटोन अशा द्रावकांत विरघळवलेला असतो. रंग वाळतो म्हणजे ही द्रावके उडून हवेत जातात. ती श्वासातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचतात, म्हणून दारू चढल्यासारखे होते. मोकळ्या हवेत आणल्यावर बहुधा काही तासांत बरे वाटते. गर्भवती स्त्रियांनी मात्र या वासाच्या जवळपासही थांबू नये.

रंग बाहेर ढकलण्यासाठी डब्यात बहुतेक वेळा स्वयंपाकाच्या गॅससारखाच ज्वालाग्राही वायू भरलेला असतो. तो आणि द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतात. देवघरातले निरांजन किंवा शेजारच्या खोलीतली शेगडी आग लागायला पुरेशी आहे. डबा उन्हात तापलेल्या गाडीतही ठेवू नये, तो फुटतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. वरून मारायच्या चकचकीत लॅकरचा एक प्रकार हार्डनरसह मिळतो. डब्याच्या बुडाशी असलेले बटण दाबले की हार्डनर आत मिसळतो. त्यात आयसोसायनेट असते. १९८४ साली भोपाळला जो वायू सुटला, तो याच कुळातला. डब्यातले रसायन तितके जहाल नाही, पण त्याने दमा जडू शकतो. खोकला व धाप काही तासांनी, कधी रात्री सुरू होते, त्यामुळे रंगाची आठवणही होत नाही. एकदा शरीराला त्याचे वावडे झाले की पुढे अगदी थोडा अंशही पुरतो. याला वासही फारसा नसतो, म्हणून नाकावर भिस्त ठेवता येत नाही. माझे स्पष्ट मत आहे, की हा डबा घरी वापरूच नये. ते काम योग्य सोय असलेल्या गॅरेजवर सोपवावे.

साध्या रंगासाठीही अंगण किंवा गच्ची गाठा आणि वारा पाठीमागून-बाजूने येईल असे उभे राहा. नाकाला बांधलेला रुमाल कुचकामी. करोनाच्या काळातला एन-९५ मास्क रंगाचे तुषार अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी रासायनिक वाफ शोषणारी डबी लावलेला रबरी मास्क लागतो, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे हवेत. जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसे असू शकते आणि ती धूळ लहान मुलांना फार घातक. वॉटर पेपर पाण्यात भिजवूनच घासा. रंगवलेला भाग झोपायच्या खोलीत वाळत ठेवू नका.

रंग डोळ्यात गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. हाताचा रंग थिनरने पुसू नका. आधी खोबरेल तेल चोळा, मग साबण लावा. आणि मुलाने चुकून थिनर प्यायले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरते आणि न्यूमोनिया होतो. तडक दवाखाना गाठा, बाटली किंवा डबा बरोबर आणा. त्यावरचा मजकूर वाचून उपचार ठरवणे सोपे जाते.