अठ्ठावीस पौंडांतली श्रीमंती

१७७६ मध्ये इंग्लंडच्या करखात्याला एक शंका आली. त्या काळी घरातल्या चांदीच्या भांड्यांवर कर होता. ज्यांच्या घरी चांदी असणारच, पण ज्यांनी ती जाहीर केली नव्हती, अशा बड्या मंडळींना खात्याने पत्रं धाडली. त्यातलं एक पत्र जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाला गेलं. त्यांचं उत्तर अगदी त्रोटक होतं. लंडनमध्ये माझे चांदीचे दोन चमचे आहेत आणि ब्रिस्टलमध्ये दोन. भोवती इतक्या लोकांना भाकरी मिळत नसताना आणखी चांदी विकत घेणार नाही.

खात्याची शंका तशी अवाजवी नव्हती. वेस्ली तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी सुरू केलेली मेथडिस्ट चळवळ देशभर पसरली होती आणि त्यांची स्वस्त, सुटसुटीत पुस्तकं हातोहात खपत होती. घरगुती औषधोपचारांवरच्या त्यांच्या १७४७ च्या पुस्तकाच्या तर आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत होत्या. पुस्तकांतून एवढा पैसा येत असताना घरात चार चमचेच कसे, हा प्रश्न कुठल्याही कारकुनाला पडला असता. पैसा येत होता हे खरंच होतं. तो थांबत मात्र नव्हता. आयुष्यभरात वेस्लींच्या हातून सुमारे ३०,००० पौंड दान झाले असावेत, असा अंदाज सांगितला जातो.

ख्रिस्ती माणसाने श्रीमंत कोणाला म्हणावं, या प्रश्नावर दोन हजार वर्षं प्रवचनं झाली आहेत. त्या प्रश्नाला जमाखर्चाच्या वहीत उतरवणारे थोडे. वेस्ली त्यांपैकी एक.

गरिबीचं कौतुक त्यांना नव्हतं, कारण ती त्यांनी घरातच पाहिली होती. जन्म १७०३ चा, लिंकनशायरमधल्या एपवर्थ गावचा. वडील सॅम्युएल तिथले पाळक. घरात मुलं पुष्कळ, उत्पन्न बेताचं, डोक्यावर कर्ज. जॉन दोन वर्षांचा असताना देणेकऱ्याचं कर्ज थकलं म्हणून वडिलांना लिंकनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात जावं लागलं. पैसा नसला की माणसाची काय दशा होते, हे अशा घरातल्या मुलाला कोणी वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणूनच पुढे ते पैशाला कधी वाईट म्हणाले नाहीत. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र आणि वाटसरूला आसरा पैशातूनच मिळतो, हे ते ठासून सांगत. बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही दोष पैशाला दिलेला नाही, पैशाच्या लोभाला दिला आहे.

ऑक्सफर्डला असताना त्यांनी एक शिस्त लावून घेतली. पुढे एका प्रवचनात त्यांनी ती ‘ऑक्सफर्डमधल्या एका मेथडिस्टाची’ गोष्ट म्हणून सांगितली. तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असं अभ्यासक धरतात. त्या तरुणाला पहिल्या वर्षी ३० पौंड मिळाले. त्याचा खर्च भागला २८ पौंडांत, उरलेले दोन त्याने देऊन टाकले. दुसऱ्या वर्षी मिळकत ६० पौंडांवर गेली. खर्च २८ च राहिला, दान ३२ झालं. तिसऱ्या वर्षी ९० मिळाले तेव्हा दान ६२, चौथ्या वर्षी १२० मिळाले तेव्हा ९२. मिळकत चौपट झाली तरी खर्चाचा आकडा हलला नाही.

या हिशेबात एक खोच आहे. सहसा माणूस पगार वाढला की आधी घर मोठं करतो, मग गाडी, आणि त्यातून काही उरलं तर दानाचा विचार करतो. ‘पुरेसं’ किती हे मिळकतच ठरवते. वेस्लींनी क्रम उलटा केला. पुरेसं किती हे आधी ठरवलं. मग येणारी प्रत्येक वाढ दुसऱ्याच्या वाट्याची झाली.

यामागे ख्रिस्ती धर्मातली एक जुनी कल्पना आहे. धन देवाचं, माणूस कारभारी. कारभाऱ्याला मालाची नीट व्यवस्था लावायची असते आणि एक दिवस हिशेब द्यायचा असतो. लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेल्या दोन गोष्टी याच धाग्याच्या आहेत. एका शेतकऱ्याला अमाप पीक येतं. तो जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो आणि त्याच रात्री त्याला मृत्यू येतो. दुसऱ्या गोष्टीत नोकरी जाणार म्हटल्यावर एक कारभारी मालकाच्या ऋणकोंचं देणं कमी लिहून माणसं जोडून ठेवतो. पैशावरच्या आपल्या सर्वांत गाजलेल्या प्रवचनासाठी वेस्लींनी हीच दुसरी, जराशी अवघड गोष्ट निवडली.

मात्र किती द्यायचं याचा एकच दर शुभवर्तमानांत सापडत नाही. मोठ्या धनवान तरुणाला येशू सगळं विकून टाकायला सांगतो. जकातदार जक्कय मात्र अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करण्याची तयारी दाखवतो, आणि तेवढ्यावर त्याच्या घराला तारण लाभतं. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा तर सगळ्या धनिकांपेक्षा जास्त देणारी ठरते, कारण बाकीच्यांनी उरलेल्यातून दिलं आणि तिने गरजेतून. दिलेल्या रकमेपेक्षा मागे काय राहिलं, हे तिथे पाहिलं जातं.

वेस्लींचं ते प्रवचन १७६० मध्ये छापून निघालं. त्यात तीन नियम आहेत: जमेल तेवढं कमवा, जमेल तेवढं वाचवा, जमेल तेवढं द्या. पहिला नियम ऐकून व्यापारी खूश व्हावेत, पण त्याला जोडलेल्या अटी वाचल्या की चेहरे उतरत असणार. आपल्या जिवाला अपाय करणारा धंदा नको. सोमल आणि वितळलेलं शिसं हाताळणाऱ्यांची उदाहरणं त्यांनी दिली आहेत. शेजाऱ्याच्या नुकसानीवर चालणारा धंदा नको, म्हणून गहाणवटीचा व्यवहार बाद. दारू गाळून विकणं बाद. फी वाढावी म्हणून आजार लांबवणारा डॉक्टर बाद. शेजारच्या दुकानदाराला बुडवण्यासाठी बाजारभावाखाली माल विकणंसुद्धा बाद. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी १७७४ मध्ये स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली.

दुसऱ्या नियमात जिभेचे चोचले, उंची कपडे आणि शोभेचं सामान यांवर काट मारलेली आहे. वारसाचा प्रश्नही आहे. पैशाचा योग्य उपयोग करणारं मूल असेल तर त्याला द्यावं, उधळणारं असेल तर खाऊनपिऊन राहील एवढंच ठेवावं, असा त्यांचा रोखठोक सल्ला होता. तिसरा नियम देण्याचा. आधी स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खऱ्या गरजा, मग श्रद्धेने जोडलेली माणसं, मग सगळी माणसं.

वेस्लींना नुसता दानधर्म पुरेसा वाटत नव्हता. १७४६ मध्ये लंडनला त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना काढला आणि त्याच वर्षी बिनव्याजी कर्जाचा फंड सुरू केला. गावभर फिरून सुमारे ३० पौंड जमवले होते. त्यातून छोट्या कारागिरांना सुरुवातीला एक पौंडापर्यंतची रक्कम तीन महिन्यांच्या मुदतीने मिळे. पैसे परत आले की पुढच्याला. दीड वर्षाच्या आत अडीचशेहून अधिक माणसांना या एवढ्याशा भांडवलाचा हातभार लागला.

हा सगळा खटाटोप त्यांनी म्हातारपणीही सोडला नाही. जानेवारी १७८५ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, गरिबांच्या कपड्यांसाठी ते पाच दिवस लंडनच्या रस्त्यांवरून मदत मागत हिंडले. घोट्यापर्यंत वितळतं बर्फ होतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय गार पाण्यात. २०० पौंड जमले आणि स्वारी आजारी पडली.

आता आक्षेप. २८ पौंडांचा हिशेब एकट्या जिवाला शोभतो, असं कोणीही म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. वेस्लींना स्वतःचं मूल नव्हतं. १७५१ मध्ये त्यांनी एका सधन विधवेशी लग्न केलं; तिची संपत्ती तिच्या आणि तिच्या मुलांच्याच नावे राहील अशी कायदेशीर तजवीज केली. पैशाला त्यांनी हात लावला नाही, पण संसार काही सुखाचा झाला नाही. त्याआधी १७४९ मध्ये भाऊ चार्ल्स यांचं लग्न ठरलं, तेव्हा मुलीच्या आईने विचारलं, की वर्षाला १०० पौंडांची हमी कोण देणार? ती हमी जॉन यांनीच आपल्या पुस्तकांच्या विक्रीतून दिली. म्हणजे घरसंसाराला २८ पुरत नाहीत, हे त्यांना कळत होतं. आकडा प्रत्येकाचा वेगळा असेल, पण प्रत्येकाचा एक आकडा असलाच पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

दुसरी अडचण जास्त खोल होती आणि ती वेस्लींनी स्वतःच ओळखली. धर्माला लागलेला माणूस दारू सोडतो, कष्ट करतो, काटकसर करतो. साहजिकच त्याच्याकडे पैसा साठतो. पैशाबरोबर दिमाख येतो आणि धर्म हळूहळू नावापुरता उरतो. आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत ते पुन्हा पुन्हा तक्रार करत राहिले, की माझ्या लोकांनी पहिले दोन नियम उचलले आणि तिसरा ठेवून दिला. या चक्रातून सुटायला देण्यावाचून दुसरा मार्ग त्यांना दिसत नव्हता. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांच्यावरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात वेस्लींचं हेच निरीक्षण पुराव्यादाखल घेतलं. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या काही प्रचारकांनी तर गाडी उलटीच वळवली: श्रद्धा असेल तर देव पैसा, आरोग्य आणि बंगला देतोच, असं ते सांगू लागले. वेस्ली ज्याला धोका म्हणत, ते इथे बक्षीस झालं.

मेथडिस्ट पंथ पुढे मुंबईत आला, तेव्हा त्याला एक वेस्लीछाप माणूस मिळाला. जॉर्ज बोवेन न्यूयॉर्कच्या सुखवस्तू घरातले. १८४८ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी म्हणून ते मुंबईला आले, मराठी शिकले आणि रस्त्यांवर उपदेश करू लागले. मिशनऱ्यांचं साहेबी राहणीमान आणि ते सांगत असलेला संदेश यांचा मेळ बसत नाही, असं वाटून त्यांनी थोड्याच काळात मिशनचा पगार नाकारला. वस्तीत साध्या घरात राहून तुटपुंज्या कमाईवर गुजराण केली, ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र वर्षानुवर्षं चालवलं. पुढे ते मेथडिस्टांना मिळाले आणि १८८८ मध्ये मुंबईतच वारले. अपोलो बंदराजवळचं बोवेन मेमोरिअल चर्च त्यांच्याच नावाचं.

वेस्लींचा शेवटचा हिशेब चोख होता. १७९० च्या जुलैत त्यांनी थरथरत्या हाताने जमाखर्चाची वही कायमची बंद केली. मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, की शवपेटी सहा गरीब माणसांनी वाहावी आणि प्रत्येकाला एक पौंड द्यावा. गाडी, मिरवणूक काही नको. २ मार्च १७९१ रोजी ते गेले.

त्याच वर्षी लंडनमध्ये एका पुस्तकविक्रेत्याचं आत्मचरित्र बाजारात आलं. जेम्स लॅकिंग्टन हा मूळचा चांभार. १७७४ मध्ये त्याने लंडनला पुस्तकांचं छोटंसं दुकान थाटलं, तेव्हा वेस्लींच्या माणसांच्या बिनव्याजी फंडातून पाच पौंड उचलले होते. उधारी बंद, नफा थोडा, विक्री प्रचंड, या सूत्रावर तो गब्बर झाला. वर्षाला एक लाख पुस्तकं विकतो आणि चार हजार पौंड नफा कमावतो, अशी फुशारकी त्याने मारली. नफ्याचं हे सूत्र त्याने आपल्या बग्गीवरही रंगवून घेतलं होतं. ज्यांच्या पैशावर पहिली पुस्तकं घेतली, त्या मेथडिस्टांची मात्र त्याच आत्मचरित्रात यथेच्छ टर उडवली. तेरा वर्षांनी, १८०४ मध्ये, दुसरं पुस्तक लिहून त्याने माफी मागितली आणि मेथडिस्टांसाठी चॅपलं बांधून दिली. त्यातलं शेवटचं डेव्हनमधल्या बड्ली सॉल्टर्टन या गावी, जिथे तो १८१५ मध्ये वारला. त्याच्या लंडनच्या भव्य दुकानाचं नाव होतं ‘टेंपल ऑफ द म्युझेस’. गावातल्या मेथडिस्ट चर्चलाही त्या दुकानावरूनच ‘टेंपल’ हे नाव पडलं.