बारा किलो सालीतून अर्धा ग्रॅम

बारा किलो साल घेतली, महिनोन्‌महिने खटपट केली आणि हाती आलं किती? जेमतेम अर्धा ग्रॅम!

ही साल पॅसिफिक यू नावाच्या झाडाची. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या जंगलात, उंचच उंच वृक्षांच्या सावलीत हे बुटकं झाड रमतगमत वाढतं. लाकूडतोड्यांच्या लेखी त्याला शून्य किंमत. मोठे ओंडके नेले की हे बिचारं काटक्याकुटक्यांबरोबर जाळून टाकायचे. त्या काळी अमेरिकन सरकार कॅन्सरवरच्या औषधासाठी हजारो वनस्पती तपासून घेत होतं. १९६२ साली आर्थर बार्कले या वनस्पतितज्ज्ञांनी वॉशिंग्टन राज्यात या झाडाचेही नमुने गोळा केले.

पुढे हे काम गेलं नॉर्थ कॅरोलायनातल्या एका प्रयोगशाळेत, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्याकडे. हे वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे, बरं का!

आता पंचाईत बघा. सालीत रसायनांची नुसती गर्दी, त्यातलं गुणकारी कोणतं? त्यांनी साल अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढला. तो अर्क पाणी आणि क्लोरोफॉर्म असलेल्या मिश्रणात घुसळला. काही रसायनं पाण्यात उतरली, काही क्लोरोफॉर्मकडे गेली. कोणत्या वाट्याने कॅन्सरच्या पेशी मरतात? तो ठेवायचा, दुसरा बाजूला सारायचा. ठेवलेल्याचे पुन्हा वाटे, पुन्हा तपासणी. किती चिकाटी लागली असेल! शेवटी उरला एकच पांढरा पदार्थ, टॅक्सॉल. त्याची रचना उलगडून जाहीर व्हायला १९७१ उजाडलं. वीस कार्बन अणूंचा सांगाडा असलेल्या, डायटर्पीनॉइड नावाच्या मोठ्या कुटुंबातलं हे रसायन.

ते करतं काय? पेशी दुभंगताना आत बारीक नळ्यांची परांची उभी राहते आणि काम झालं की सुटते. टॅक्सॉल ती सुटूच देत नाही! पेशी मध्येच अडकते आणि मरते. ही युक्ती १९७९ मध्ये सुझन हॉरविट्झ यांच्या प्रयोगशाळेत कळली. १९९२ मध्ये टॅक्सॉलला औषध म्हणून मान्यता मिळाली. पण साल सोलली की झाड मरतं. म्हणून पुढे युरोपातल्या यूच्या पानांतला कच्चा माल वापरून ते बनवू लागले. पानं काय, पुन्हा फुटतात.

आणि खरी गंमत तर समुद्रात आहे. १९९७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या एका मऊ प्रवाळात एल्युथेरोबिन सापडलं. तेही डायटर्पीनॉइडच, आणि युक्तीही तीच! झाड कुठलं, समुद्रातला प्राणी कुठला! पण हा प्रवाळ दुर्मीळ, त्यामुळे औषधाचं घोडं अडलं. बरं, हे रसायन प्रवाळ स्वतः बनवतो की त्याच्या अंगात राहणारे सूक्ष्मजीव? उत्तर मिळायला २०२२ साल आलं. प्रवाळच बनवतो, त्यासाठी लागणारी जनुकं त्याच्याच पेशींत सापडली. शास्त्रज्ञांनी ती बॅक्टेरियात घालून पाहिली. सुरुवातीच्या पायऱ्या तर बॅक्टेरियाला जमल्यासुद्धा!